धरण्यापुरती मुळं

कुलरच्या वाऱ्यावर नुसता दोरा हलत होता.

सावनीच्या एका पायातली चप्पल निघाली होती, दुसऱ्या पायातली निघायची होती. लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच. एका पायावर तोल सावरत ती खिडकीकडं बघत राहिली. दुपारी ऑफिसातली वीज गेली, मागोमाग जनरेटरनंही मान टाकली, तेव्हा सगळ्यांना घरून काम करा म्हणून सोडून दिलं होतं. मेट्रोतून उतरल्यापासून लू तोंडावर मारत होती. जयपूरच्या मानसरोवर भागातले रस्ते उन्हानं खरवडून काढल्यासारखे रिकामे होते, आणि ती मनाशी एकच गोष्ट धरून चालली होती, की दार उघडलं की कुलरमधल्या खशीचा, म्हणजे वाळ्याचा, ओला वास येईल, डोळ्यांपुढं अंधारी येईल आणि मग त्या अंधारातून घर हळूहळू वर येईल. तसंच झालं. वास आला, अंधारी आली, मग कपाट दिसलं, पलंग दिसला, खिडकीची चौकट दिसली, आणि चौकटीवरून लोंबणारा तो पांढरा, बटणं लावायचा जाड दोरा. त्याच्या टोकाला काही नव्हतं. ओझं नसल्यामुळं तो जास्तच हलत होता, एखाद्या लहान मुलानं सुट्टी झाल्यावर हात हलवावेत तसा. झाड पडलं असेल म्हणून तिनं खाली बघितलं. फरशी पुसलेली होती, लख्ख.

"अक्का," तिनं हाक मारली. हाक वाटली त्यापेक्षा वर गेली.

मालन पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. सावनीची सासू, श्रेयसची आई. घरातल्या चुलतभावंडांनी लहानपणी अक्का म्हणायला सुरुवात केली, म्हणून श्रेयसही अक्काच म्हणायचा आणि लग्नानंतर सावनीच्याही तोंडी तेच बसलं. सावनी एप्रिलमध्ये काविळीनं आडवी झाली तेव्हा ही बाई माण तालुक्यातल्या आपल्या गावाहून एकटी निघाली आणि पुण्यात गाडी बदलून थेट जयपूरच्या स्टेशनवर उतरली. हिंदीचे चार शब्दही धड येत नव्हते, आणि त्याची तिला काही खंतही नव्हती.

"आलीस व्हय लवकर? का गं, बरं वाटंना?"

"नाही, बरी आहे. तिकडं लाइट गेली. अक्का, इथलं झाड कुठंय?"

मालनच्या चेहऱ्यावर लपवून ठेवलेला खाऊ काढताना असतं तसं हसू आलं. "ये, दावते," ती म्हणाली आणि पुढं झाली.

गॅलरीत, पाण्याच्या पिंपाच्या सावलीला, एक मातीची कुंडी होती. कुंडीच्या काठाला हळदीकुंकवाची दोन बोटं. आत काळी, भिजून गच्च झालेली माती, आणि त्या मातीत गळ्यापर्यंत रुतवलेलं सावनीचं झाड. विस्कटलेल्या अंबाड्यासारखं ते मूठभर झाड, ज्याची पानं एरवी चहूबाजूंनी हवेत बोटं पसरून असायची, ती आता सगळी वर गोळा झाली होती. गर्दीत उभ्या माणसानं हात वर धरावेत तशी.

"खालच्या भाभीची कुंडी हाय. तिला म्हटलं, भाभीजी, हमारे झाड को घर नहीं है. लगीच दिली बघ. चांगली हाय बाई." मालन खाली वाकून पानांवरून हात फिरवत होती. "उपाशी हुतं गं. दोऱ्याला बांधून टांगलेलं, ना खायला ना प्यायला. हवेवर कोण जगतंय? मला तर आधी वाटलं बांडगूळ हाय. मग म्हटलं, बांडगुळाला तरी आंब्याचा आसरा असतोय, ह्याला तर त्योबी न्हाई. आन् धूळ तर काय बसलीवती, पांढरीफटक. पदरानं पुसली तरी निघंना."

ती धूळ नव्हती. पानांवर रुपेरी पुडीसारखं जे दिसायचं, ते बारीक खवले होते, आणि त्या झाडाची तोंडं म्हणजे ते खवलेच. सावनीच्या ओठांवर हे सगळं आलं आणि तिथंच थांबलं.

"कधी लावलंत?"

"झालं की चार-पाच दिस. तू रोज तितंच तर केस विंचरतीस. मला वाटलं बघितलं असशील."

चार-पाच दिवस. रोज सकाळी त्या खिडकीसमोर उभं राहून तिनं केस विंचरले होते, आणि नजर गेली होती ती फोनवर, घड्याळावर, आरशातल्या स्वतःच्या डोळ्यांवर, पिवळेपणा पूर्ण गेला का ते बघायला. श्रेयस कामासाठी जोधपूरला गेला, तो जाताना म्हणाला होता, तुझं लक्ष कुठं असतं गं हल्ली. ती म्हणाली होती, कामावर.

मालन तिच्या तोंडाकडं बघत होती. काहीतरी दिल्यावर माणूस बघतं तसं.

"छान केलंत, अक्का," सावनी म्हणाली आणि तोंड धुवायला म्हणून आत गेली.

न्हाणीघरात तिनं कडी लावली. नळ सोडायची सोय नव्हती. छतावरच्या टाकीत दुपारचं पाणी असं तापायचं की हात पोळावा. म्हणून मालन रोज पहाटे उठून दोन बादल्या भरून ठेवायची, वर ताट झाकायची. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला चटका बसला आणि तिसऱ्या दिवसापासून बादल्या भरलेल्या असायच्या. सावनीनं ताट बाजूला केलं, ओंजळ भरून तोंडावर मारली आणि बादलीच्या काठाला धरून उभी राहिली. छान केलंत. काय छान केलं? मुळं धरायला असतात त्या झाडाला, खायला नव्हे. ती मुळं म्हणजे चार वाळके केस, फांदीला, दगडाला, दोऱ्याला बिलगायला लागतात तेवढेच. बाकी जे काय प्यायचं ते अंगानं. माती त्याला लागत नाही, मातीत ते गुदमरतं, आणि पाणी जर पानांच्या मधल्या बेचक्यात साचून राहिलं तर आतून कुजायला लागतं. बाहेरून हिरवंच दिसतं. कितीतरी दिवस हिरवं दिसतं. मग एक दिवस मधलं पान चिमटीत धरून हलकं ओढावं, तर अख्खा गाभा हातात येतो, भातातून केस काढावा इतका सहज. हे सगळं तिनं रात्र रात्र वाचलं होतं, आई गेल्यानंतरच्या त्या महिन्यात, जेव्हा झोप येत नव्हती आणि झाडाचं एक पान पिवळं पडलं होतं. तिला वाटलं होतं, हे एवढं एक जगवावं.

आईला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिचा, सुधाबाईंचा, शिवणक्लास होता, सांगलीत, एका कापडदुकानाच्या मागच्या खोलीत. पुढं मशिनं, पडद्यामागं मायलेकींचा संसार. सावनीचे वडील तिला आठवतील इतकेही थांबले नव्हते. तिच्या आठवणींची सुरुवातच मशीनच्या आवाजानं व्हायची, आणि त्या आवाजात आईचं तोंड कायम मिटलेलं, कारण ओठांत टाचण्या. टाचण्या धरून बोलायची तिला अशी सवय होती की ती हसतेय की कळ दाबतेय हे समोरच्याला कळत नसे. हे झाड तिला क्लासमधल्या एका मुलीनं दिलं होतं, निरोपाची भेट म्हणून, एका शिंपल्याला डिंकानं चिकटवलेलं. आईनं त्याच संध्याकाळी डिंक पाण्यात भिजवून सोडवला. "चिकटवून ठेवलेलं कुणाला आवडेल?" ती म्हणाली. मग बटणाच्या दोऱ्याचा सैल फास करून ते वेलाच्या एका वाळल्या काटकीला बांधलं, गाठ अशी की धरेल पण आवळणार नाही. रविवारी स्वतः न्हाताना ती त्यालाही बादलीत बुडवून ठेवायची, आणि न्हाऊन झालं की पिळून काढलेल्या कपड्यांशेजारी दोरीवर चिमट्यानं उलटं टांगायची. तिला सगळंच दोरीवर उलटं टांगायची सवय होती, परकर काय, झबली काय, झाड काय. आणि तेच तर बरोबर होतं. उलटं टांगल्यामुळं बेचक्यातलं पाणी गळून जायचं. काही न वाचता, काही न कळता, नुसत्या हाताच्या सवयीनं आईनं त्याला जगवलं होतं. सावनीला जयपूरची नोकरी लागली तेव्हा तिनं ते काटकीसकट रुमालात गुंडाळून दिलं. "घेऊन जा. माती मागत नाही, कुंडी मागत नाही, सामानात जड होणार नाही. फुकटं आहे ते." सावनी म्हणाली होती, "आई, इथंच राहू दे, तुला सोबत." तेव्हा आईच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी ती तशीच बोलली, ओठ फार न उघडता. "मला काय करायचीय सोबत? माझं चाललंय की बरं."

पाण्याचे थेंब हनुवटीवरून बादलीत पडत होते. न्हाणीघराची झडप गॅलरीकडं उघडत होती, आणि तिकडून मालनचा आवाज आला. फोनवर बोलत होती. मालन फोन कानाला लावत नसे, स्पीकरवर टाकून आरशासारखा तोंडासमोर धरायची, त्यामुळं पलीकडचं माणूसही घरातच बसल्यासारखं वाटायचं.

"काय म्हनली मग सूनबाई?" हे सासरे, आप्पासाहेब, गावाकडून. त्यांच्या मागं म्हैस ओरडत होती.

"छान केलंत म्हनली."

"मग झालं की. आवाज का उतरलाय?"

"कुठं काय." मालन थांबली. "बोलली छान, पण डोळं न्हाई बोललं. पोरीचं तोंड धुवून हुईना अजून."

सावनीनं बादलीवरचा हात काढला. पाणी हलू नये म्हणून ती अगदी स्तब्ध झाली.

"माती कुठली घातलीस?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"कुठली म्हंजे? आणलेली."

"घटाची?"

"मग हितं दुसरी कुठाय? सगळी रेती. हितल्या मातीत विंचू निपजायचं, झाड न्हाई."

"अगं, मी चाळून दिलीवती ती. वरच्या रानातली. आता नवरात्रात देवीपुढं काय कुंडी मांडणार हाईस?"

ती माती सावनीला ठाऊक होती. मालन आली तेव्हा तिच्या सामानात जुन्या लुगड्याच्या फडक्यात घट्ट बांधलेलं एक गाठोडं होतं, आणि ते तिनं कुणालाही उचलू दिलं नव्हतं. आश्विनात घट बसतात, देवीपुढं परडीत माती पसरून सात धान्यं पेरायची, आणि ती माती आपल्याच रानातली लागते, विकतची नाही, शेजारची नाही. सून आजारी, नवरात्रापर्यंत परत जायला होतंय न होतंय, म्हणून ती रान सोबत घेऊन आली होती. रेल्वेच्या बाकाखाली, पायांच्या मधे धरून. पलंगाखाली ते गाठोडं बघितलं तेव्हा सावनीच्या मनात पटकन आलं होतं, बाप रे, म्हणजे नवरात्रापर्यंत. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, स्वतःलासुद्धा पुरतं नाही. आता ते आठवलं आणि ओल्या मानेवर काटा आला.

"देवी काय म्हनत न्हाई," बाहेर मालन सांगत होती. "तिला रान कमी हाय व्हय? अहो, तिच्या आईचं झाड हाय ते. पोरगी काविळीत पडलीवती तवा त्याच्याकडं कोण बघणार? श्रेयसला तर भिंतीवर पाल हाय का झाड, कळायचं न्हाई. आन् मी? मीबी न्हाई बघितलं. पोरीच्या तोंडात पेज घालायची का टांगलेल्याकडं बघायचं? एक दिस बघते तर पानं अशी वळून बसलेली, म्हातारीच्या बोटावानी. काळजात चर्र झालं. मी हितं असताना तिच्या आईचं झाड वाळलं, तर पोरीनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

म्हैस पुन्हा ओरडली. आप्पासाहेब म्हणाले, "बरं मग, पाणी बेतानं घाल."

"दोन टायमाला घालते. माठातलं."

माठातलं. नळाच्या खारट पाण्यानं भांड्यांवर पांढरे डाग पडतात हे मालनला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, म्हणून फिल्टरचं पाणी माठात भरून ती पिण्यापुरतं ठेवायची. त्यातलंच झाडाला. सावनी भिंतीला टेकली. फरशीचा गारवा तळव्यांतून वर चढत होता. काविळीतले ते दिवस तिला धड आठवत नव्हते. आठवत होते ते फक्त स्पर्श. कपाळावर खरखरीत तळवा, पायाच्या बोटांना कुणीतरी एकेक करून दाबतंय, मऊ भाताचा घास, आणि घास ओठांशी आला की समोरचं माणूस स्वतःचंच तोंड उघडतंय, लहान बाळाला भरवताना बायका उघडतात तसं. त्या तापात तिला वाटायचं, आईच आहे. मग डोळे उघडायचे आणि गोंदलेली हनुवटी दिसायची. तिला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटल्याचं वाईट वाटायचं, आणि त्या दोन्हींच्या खाली कुठंतरी घास गिळला जायचा. कुणाचं तोंड आहे हे न बघता अंग घेत होतं. मिळेल तिथून, मिळेल तेवढं, सगळ्या अंगानं. तिनं त्या बाईला कधी काही म्हटलं नव्हतं. काय म्हणायचं असतं? माझं तोंड उघडावं म्हणून तुम्ही तुमचं उघडलंत, असं कुणी कुणाला म्हणतं का?

आणि तरीही कुंडी बाहेर तशीच होती, आणि मातीतलं पाणी पानांच्या बेचक्यात चढत होतं. आता कडी काढून बाहेर जायचं आणि काही बोलायचं नाही, तर मालनचं मन राहील. चार दिवस, आठ दिवस. झाड हिरवंच दिसेल, मालन दोन वेळा माठातलं पाणी घालेल, सांजेला कुंकू लावेल, आणि मग एक दिवस गाभा हातात येईल. तिच्याच हातात येईल. ज्याला ती भीत होती नेमकं तेच, सावनीच्या तोंडातल्या एका गोड शब्दामुळं. आईनंही असंच केलं होतं. फोनवर रोज, माझं चाललंय की बरं. दिवाळीला गेल्यावर ब्लाउज सैल झालेला दिसला, तर म्हणाली, माप चुकलं. माप चुकेल अशी ती बाई नव्हती, आणि सावनीला ते त्या क्षणी कळलंही होतं, पण तीही म्हणाली होती, हो का. दोघी एकमेकींना जपत होत्या. तेवढ्या जपण्यात सगळं आतल्या आत झालं, आणि डॉक्टर म्हणाले तेव्हा फार उशीर झाला होता. इतक्या वर्षांत आईवर रागवायचं तिनं कधी धाडस केलं नव्हतं. आता न्हाणीघरात, ओल्या चेहऱ्यानं, ती पहिल्यांदा रागावली. सांगायचं होतंस. मी काय वाळून गेले असते?

राग आला तसा उतरला, आणि त्याच्या जागी गंमत अशी, की हलकं वाटलं. तिनं कडी काढली.

मालन गॅलरीत उंबऱ्यावर बसली होती. फोन मांडीवर, पालथा.

"अक्का, ते बाहेर काढावं लागेल."

"काय?"

"झाड. मातीत नाही जगत ते. कुजतं."

मालन तिच्याकडं बघत राहिली. खाली रस्त्यावरून कुणीतरी स्कूटर बंद पडलेली ढकलत नेत होतं, त्याच्या चपलांचा आवाज तेवढा येत होता.

"मग मघाशी छान केलंत म्हनलीस, ते?"

"खोटं बोलले."

"अस्सं." मालननं डोकं हलवलं. "चांगलं हाय. एवढी शिकलेली सून केली, तर खोटंबी धड बोलता येईना. मला तवाच कळलंवतं."

सावनीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. मालननं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. तिचा स्वतःचा चेहरा मात्र आकसला होता. ती कुंडीकडं वळली, आणि तिचा हात कुंडीपर्यंत जाऊन काठावरच थांबला.

"मारलं का गं मी त्याला?"

"माहीत नाही," सावनी म्हणाली. खोटं बोलायचं नाही असं ठरवल्यावर एवढंच उरत होतं. "पण वाळत चाललं होतं ते मला दिसलं नाही, अक्का. तुम्हाला दिसलं."

मालननं पदर खोचला, दोन्ही हात कुंडीत घातले आणि माती बाजूला सारायला लागली, उकरत नव्हती, नुसती सारत होती, गाढ झोपलेल्या मुलावरची गोधडी काढावी तशी. झाड वर आलं. खालची तीन-चार पानं तपकिरी, बुळबुळीत, ती हात लावताच गळून पडली. बुडाशी मुळांचे ते वाळके केस, त्यांत काळ्या मातीचे गोळे. आणि आईची काटकी. मालननं तीही झाडासकट पुरली होती, दोऱ्याचा तुकडाही. "सोडवायचा धीर झाला न्हाई," ती पुटपुटली. "गाठ लई शानी मारलीया."

"आता काय करायचं?" मालननंच विचारलं.

"धुवायचं. सगळी माती गेली पाहिजे. आणि मग मधलं पाणी काढायचं."

मालननं परात आणली, माठातलं पाणी आणलं. मग गॅलरीतच, भिंतीला पाठ लावून, पाय लांब पसरून बसली. लुगडं गुडघ्यांवर घेतलं आणि झाड पिंढऱ्यांच्या बेचक्यात आडवं घातलं. सावनीनं हे कधी प्रत्यक्ष बघितलं नव्हतं, पण बघताक्षणी ओळखलं. अशीच बाळं न्हाऊ घालतात. मालननं गावातली कितीतरी बाळं अशी पायांवर घेतली होती, श्रेयसलासुद्धा. एका हातानं पाण्याची धार, दुसऱ्या हाताची बोटं पानांच्या मुळाशी, कानामागं, मानेच्या वळीत जातात तशी. काळं पाणी परातीत उतरत होतं. आणि तिच्या तोंडातून, न ठरवता, हाताच्या लयीवर, अर्धं बोलणं अर्धं गाणं असं काहीतरी यायला लागलं. जुनं नसावं, कारण ती मधेच थांबून शब्द शोधत होती.

लेक दुसरीच्या पोटी, वाढली गं दुज्या घरी
तिच्या माउलीचं देणं, आलं माझ्या वसरीवरी

"वसरी कुठंय इथं?" सावनी म्हणाली. तिला काहीतरी म्हणणं भाग होतं.

"हीच की. गॅलरी म्हनलं तर गाण्यात बसंना." मालननं झाड उचललं, उलटं धरलं आणि दुसऱ्या तळव्यानं बुडाशी हलक्या थापट्या मारायला लागली, ढेकर काढायला मारतात तशा. बेचक्यातलं पाणी थेंबाथेंबानं पडलं. मग एक मोठा थेंब, तपकिरी. मग पुन्हा थोडं. सावनी श्वास धरून मोजल्यासारखी बघत होती आणि मोजत काहीच नव्हती. असं उलटं धरायचं असतं हे तिनं अजून सांगितलंच नव्हतं. जगात अशा बायका आहेत, तिच्या मनात आलं, ज्यांच्या हातांना आधी कळतं. एक तिला जन्मानं मिळाली आणि एक नुसती अशीच, लग्नाच्या कागदासोबत, मागितल्याशिवाय. एवढं कुणाला मिळतं? आणि ती आपली समजत होती, की आपण हवेवर वाढलो.

"आता?"

"आता मधलं पान धरून बघायचं. हलकं ओढायचं. आलं तर..."

"आलं तर गेलं."

"हो."

"मग वढ की. कशाची वाट बघतीस?"

"थोडं सुकू दे."

"सुकवून काय हुणार? काय व्हायचं ते आत झालंय." मालनचा आवाज कोरडा होता, पण झाड धरलेला हात इतका स्थिर की त्यातली नस दिसत होती. "वढ, बाई. गेलं असलं तर मलाबी कळू दे. तू एकटीच कुठं ठेवणार हाईस?"

ऊन पिंपावरून सरकून त्यांच्या पायांपाशी आलं होतं. सावनी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. पानांवरचा रुपेरी रंग भिजल्यामुळं गेला होता, झाड नुसतं हिरवं दिसत होतं, कोवळं, कुणाचंही असावं तसं. तिनं अंगठा आणि बोट मधल्या पानाच्या टोकाशी नेलं. पान थंड होतं. आतून थंड, जिवंत वस्तूंचा गारवा वेगळा असतो का, तिला ठरवता येईना. मालननं आपला मोकळा हात तिच्या मनगटाखाली धरला, आधाराला, नुसता टेकवून.

सावनीनं ओढलं. पान ताणलं गेलं, आणि थांबलं. खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. तिनं आणखी जरा ओढलं. अख्खं झाड मालनच्या मुठीसकट पुढं आलं, पण पान सुटलं नाही.

सावनीला खात्री करून घ्यायची होती, म्हणून तिनं तेच पान पुन्हा चिमटीत धरलं, तशी मालननं झाड झटकन मागं घेतलं, छातीशी.

"आता पुन्यांदा नगं," ती म्हणाली. "दुखंल त्याला."